भिगवणला पक्षी पाहायला जाण्यापूर्वी: उजनीचे पाणी, वेळ आणि होडीतले वागणे

धागाकर्ता: मुठाकाठ

थंडीची चाहूल लागली की पुण्यातल्या निरनिराळ्या गटांवर "भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) आले का?" ही विचारणा सुरू होते. या प्रश्नाला महिन्याचे नाव सांगून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे. परिणामी नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी भल्या पहाटे निघालेली कुटुंबे पाणकावळे आणि बगळे पाहून हिरमुसली होऊन परततात आणि "भिगवणला आता काही राहिले नाही" असे सांगत सुटतात. माझे म्हणणे असे की भिगवणचा हंगाम महिन्यापेक्षा उजनीच्या पातळीवर अधिक ठरतो, आणि ही पातळी पाहून बेत आखला तर निराश होण्याची वेळ सहसा येत नाही.

भीमेवरचे उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीजवळ आहे. ते १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. भिगवण धरणाच्या भिंतीपासून बरेच वर, फुगवट्याच्या भागात येते. जलाशयाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यापैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरले जाणारे तळचे पाणी आहे. उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत "उजनी उणे अमुक टक्के" अशा बातम्या दिसतात त्या यामुळेच. भिंतीजवळ पाणी खोल असले तरी कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडी, डाळज या पट्ट्यात जमीन इतकी सपाट आहे की पातळी हात-दोन हात उतरली तरी काठ बराच आत सरकतो आणि तेवढा चिखल उघडा पडतो. रोहित, पाणटिवळे, तुतवार, शेकाटे यांचे अन्न या चिखलात आणि त्याला लागून असलेल्या घोटाभर पाण्यात असते.

पाऊस चांगला झालेल्या वर्षी धरण दिवाळीनंतरही तुडुंब असते. पाणी थेट उसाच्या फडांना आणि काठच्या बाभळींना भिडलेले असते आणि उथळ जागा उरतच नाही. पुढे कालव्यांची आवर्तने, सोलापूरच्या पिण्यासाठी नदीत सोडले जाणारे पाणी आणि बाष्पीभवन यांमुळे पातळी उतरू लागते, आणि अशा वर्षी रोहितांचे मोठे थवे जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत दिसतात. पाऊस ओढ देतो त्या वर्षी हेच चित्र डिसेंबरातच दिसू लागते. म्हणून निघण्याआधी धरणाची टक्केवारी पाहावी. ती वर्तमानपत्रांत नियमित छापून येते. शंभराच्या आसपास असेल तर रोहितांची आशा धरू नये, बदकांसाठी जावे.

बदकांचे गणित निराळे आहे, कारण त्यांना उघडे पाणी चालते. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रांग हे ऑक्टोबरच्या अखेरीपासून दिसू लागतात, आणि चक्रवाकांच्या जोड्याही त्याच सुमारास येतात. मात्र सुरुवातीला आलेल्या बदकांच्या नरांवर पिसांचे झगझगीत रंग नसतात, कारण प्रजननानंतर ते पिसे टाकतात आणि काही काळ मादीसारखे भुरे दिसतात. पुस्तकातली रंगीत चित्रे घेऊन नोव्हेंबरात ओळख पटवायला बसले की गोंधळ होतो तो यामुळे. अशा वेळी रंगाऐवजी आकाराकडे पाहावे. थापट्याची टोकाला फावड्यासारखी पसरलेली चोच आणि तलवार बदकाची लांब, सडपातळ मान कोणत्याही पिसाऱ्यात लपत नाही.

पुण्याहून सोलापूर महामार्गाने हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, पाटस, कुरकुंभ असे सुमारे शंभर किलोमीटर जावे लागते. जलाशय महामार्गाच्या उत्तरेला आहे, म्हणजे आपण दक्षिण काठावरून उत्तरेकडे पाहतो आणि हिवाळ्यातला सूर्य बहुतांश वेळ आपल्या पाठीशी राहतो. छायाचित्रे काढणाऱ्यांना याचे महत्त्व सांगायला नको. सूर्योदयाला काठावर असावे असा हिशेब करून निघावे, कारण साडेनऊ-दहानंतर पाण्यावर उन्हाची थरथर सुरू होते आणि दुर्बिणीतून दूरचा पक्षी वितळल्यासारखा दिसतो. रेल्वेने भिगवण स्थानकापर्यंत जाता येते, पण तिथून काठावरच्या गावांत जायला वाहन ठरवावे लागते.

शेवटचा मुद्दा होडीचा. होडीवाल्याला "जरा जवळ घ्या, थवा उडवा की एकदा" असे सांगू नये. यावर सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे. प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत.

प्रतिसाद: कोथरूडची आजी

धागा आवडला. माझ्या मनात दोन शंका आहेत. माझे गुडघे आता फारसे वाकत नाहीत, तेव्हा होडीत चढणे-उतरणे जमेल का? आणि सोबत सात वर्षांचा नातू आहे, तो दोन तास गप्प बसण्याची शक्यता शून्य आहे. त्याला घेऊन जाणे योग्य की नाही?

प्रतिसाद: मुठाकाठ

आजी, होड्या मासेमारीच्या, बुटक्या काठाच्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी धक्का नसतो. चिखलातून दोन-चार पावले टाकून चढावे लागते. पाणी उतरलेले असेल तर चिखल वाढतो. कुंभारगावात होडीवाले हात देतात, मात्र बसण्याची फळी खाली असते हे लक्षात घ्यावे. होडीत न बसताही पुष्कळ दिसते. काठाने घडीची खुर्ची टाकून बसले तर शेकाटे, चित्रबलाक, चमचा, पिवळा धोबी, खंड्या हे सारे आपापल्या कामात मग्न असलेले दिसतात, आणि काठावर स्थिर बसलेल्या माणसाची पक्ष्यांना लवकर सवय होते. नातवाला जरूर न्यावे, मात्र दुर्बीण त्याच्याच गळ्यात असावी. आठ पटींची पुरते; दहा-बारा पटींची लहान हातात फार हलते. अंगरखा भडक रंगाचा नसावा, टोपी असावी, आणि सकाळी गारठा असला तरी दहानंतर ऊन चांगलेच चटकते.

प्रतिसाद: पळसदेवकर

मी या जलाशयाच्या काठचा आहे, त्यामुळे थोडे आमच्या बाजूने लिहितो. पर्यटकांना जे सुंदर पाणी दिसते त्याच्या तळाशी आमच्या आधीच्या पिढ्यांची गावे आणि काळ्या मातीची राने आहेत. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडते आणि म्हातारी माणसे तिथे जाऊन आपले घर कुठे होते, पाणवठा कुठे होता हे बोटाने दाखवतात. जमिनी गेल्यावर पुष्कळ कुटुंबे मासेमारीकडे वळली. आजही जाळ्यात प्रामुख्याने चिलापी येते, आणि ज्यांनी पूर्वी फक्त जाळी टाकली त्यांच्यातल्याच काही घरांतली मुले आज दुर्बीण घेऊन पाहुण्यांना पक्षी दाखवतात. इंग्रजी नावे त्यांना तोंडपाठ आहेत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आलेली मराठी नावेही.

आता होडीविषयी. थवा उडवण्याचा दोष बहुधा होडीवाल्यावर टाकला जातो. वस्तुस्थिती अशी की होडीत बसलेले सहा जण पुण्या-मुंबईहून तीन-चार तासांचा प्रवास करून आलेले असतात, त्यांच्याकडे महागडे कॅमेरे असतात, आणि "मागच्या वेळच्या नावाड्याने अगदी दहा हातांवर नेले होते" असे ते ऐकवतात. नकार दिला तर पुढच्या वेळी ते दुसऱ्याची होडी घेतात. ज्याचे पोट हंगामातल्या तीन-चार महिन्यांवर आहे त्याने किती ताठर राहावे? म्हणून माझी विनंती आहे की बसण्याआधीच तुम्ही सांगावे, "लांबूनच दाखवा, थवा उडाला तर आम्हाला आवडणार नाही." एवढे वाक्य नावाड्याला फार मोकळे करते.

किती लांब, हे मीटरमध्ये सांगण्यात अर्थ नाही, ते पक्ष्याच्या मानेवरून कळते. रोहित चरत असतो तेव्हा त्याचे डोके पाण्यात उलटे असते. तो एकाच जागी पाय आपटत हळूहळू गोल फिरतो, तळचा चिखल ढवळून काढतो आणि वर आलेले किडे, अळ्या, बारीक कोळंबीवर्गीय जीव चोचीतल्या जाळीतून गाळून घेतो. होडी जवळ येऊ लागली की आधी कडेच्या दोघा-तिघांची डोकी वर येतात. मग थव्यातल्या निम्म्याअधिक माना ताठ होतात आणि सगळे एकाच दिशेला चालू लागतात. इथेच होडी थांबवायची असते. यापुढे गेलात तर ते पाण्यावर धावत सुटतात, कारण एवढे मोठे अंग त्यांना जागच्या जागी उचलता येत नाही. माना ताठ झाल्या की आम्ही इंजिन बंद करतो आणि वल्हेही आत घेतो. बऱ्याचदा पाच-सात मिनिटांत डोकी पुन्हा पाण्यात जातात, आणि मग पाहुण्यांना जे दृश्य मिळते ते पाठमोऱ्या उडणाऱ्या थव्यापेक्षा कितीतरी चांगले असते.

प्रतिसाद: ६००_मिमी

पळसदेवकरांचा प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु मी थोडी वेगळी बाजू मांडतो. रोहिताच्या पंखांचा लाल-काळा रंग बसलेल्या पक्ष्यात जवळजवळ दिसतच नाही. उड्डाणातले छायाचित्र हीच या पक्ष्याची खरी ओळख आहे. दिवसातून एकदा थवा उडाला तर असे काय बिघडते? ते समोरच शंभर-दोनशे मीटरवर पुन्हा उतरतात. शिवाय तिथे मासेमारीच्या होड्या दिवसभर फिरतच असतात.

प्रतिसाद: मुठाकाठ

दिवसातून एकदाच उडाला तर फारसे बिघडणार नाही, हे मान्य. पण रविवारी सकाळी त्या पट्ट्यात किती होड्या असतात हे तुम्हीही पाहिले असेल, आणि प्रत्येक होडी "एकदाच" म्हणते. पक्ष्याच्या दृष्टीने ते सकाळभर चाललेले असते. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकीच्या स्थलांतरितांची परतीची तयारी चाललेली असते. बदके आणि चिखलातले लहान पक्षी त्या दिवसांत अंगावर चरबी साठवतात, कारण पुढच्या प्रवासाचे इंधन तेच असते. रोहितांचा थवा उडाला की त्याच पट्ट्यात चरणारे टिलवे आणि पाणटिवळेही उठतात.

मासेमारीच्या होडीचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. ती होडी आपल्या जाळ्याच्या रेषेने सरळ जाते, पक्ष्याकडे वळत नाही, म्हणून तिला पक्षी सरावतात. थेट त्यांच्या रोखाने येणाऱ्या होडीला ते सरावत नाहीत. आणि उड्डाणाचे छायाचित्र हवेच असेल तर त्यासाठी थवा उडवावा लागत नाही. संध्याकाळी काठावर थांबावे. रोहित स्वतःहून जागा बदलतात, पट्टकादंब हंस शेतांकडे निघतात, कुरव आणि सुरय तर दिवसभर हवेतच असतात, आणि सूर्य मावळताना भोरड्यांचे थवे ज्वारीच्या रानांवरून येऊन पाण्याकाठच्या पाणकणसांत उतरतात. वारा कुठून आहे ते पाहून उभे राहिले तर पक्षी आपल्याकडे तोंड करून उतरतो, कारण उडताना आणि उतरताना तो वाऱ्याला सामोरा असतो. पाठमोऱ्या थव्याची छायाचित्रे कोणी जपून ठेवत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

प्रतिसाद: ६००_मिमी

वाऱ्याचा मुद्दा पटला. संध्याकाळी थांबून पाहीन. उडवण्याबाबत मात्र माझे पूर्ण समाधान झालेले नाही. नियम करायचाच असेल तर तो सर्व होड्यांना सारखा असावा, नाहीतर सज्जनाने लांब बसायचे आणि दुसऱ्याने जवळून छायाचित्र न्यायचे असे होते.

प्रतिसाद: पळसदेवकर

हे शंभर टक्के खरे आहे, आणि आमच्यातही यावर वाद होतात. अडचण अशी की हा जलाशय सिंचनाचा आहे; रीतसर अभयारण्यात प्रवेश, वेळ, मार्ग यांचे जे नियम असतात ते इथे तसे नाहीत. फलकांवर आणि सहलींच्या जाहिरातींत "भिगवण अभयारण्य" लिहिलेले असते तो निव्वळ सवयीचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पक्ष्यांना सगळीकडेच लागू आहे, त्यामुळे शिकार किंवा छळ कुठेही गुन्हाच ठरतो, पण होडी किती लांब थांबवायची हे आज तरी नावाडी आणि पाहुणा यांच्यातच ठरते.

प्रतिसाद: निफाडहून

अभयारण्याचा विषय निघालाच आहे म्हणून आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरविषयी लिहितो, कारण पुण्याहून तिथे येणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला. त्यात इतक्या वर्षांत साचलेल्या गाळाने बेटे, उथळ डबकी आणि पाणवनस्पतींची दाटी तयार झाली, आणि जी गोष्ट पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने तोट्याची ती पक्ष्यांच्या पथ्यावर पडली. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झाले. त्यानंतर लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी यांचा त्या यादीत समावेश झाला.

भिगवणशी तुलना केली तर इथे पाहणी पायी आणि मनोऱ्यांवरून होते, चापडगावच्या बाजूने प्रवेश आहे. रोहित इथेही येतात, पण त्यांच्यासाठी येऊ नये. जांभळी पाणकोंबडी, वारकरी, कमळपक्षी, शराटी, दलदलीवरून सावकाश घिरट्या घालणारा शिकारी पक्षी भोवत्या आणि बदकांचे मिश्र थवे हे इथले वैशिष्ट्य आहे. पाण्याचा मुद्दा इथेही तोच आहे. वरच्या गंगापूर, दारणा या धरणांतून आवर्तन सुटले की बंधाऱ्यातली पातळी एका रात्रीत बदलते आणि काल ज्या बेटावर पक्षी बसलेले होते ते आज पाण्याखाली असते. पुण्याहून सिन्नरमार्गे सुमारे दोनशे किलोमीटरचे अंतर आहे, त्यामुळे सकाळचा उजेड हवा असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला यावे हे बरे.

प्रतिसाद: हडपसरवासी

इतक्या लांब जाण्याची गरज काय, असा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. आमच्या जवळ मुळा-मुठेवरच्या कवडीपाटला हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, शेकाटे, धोबी, नदी सुरय हे सारे दिसतात आणि गाडीने अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येते. दुसरा प्रश्न असा: मुळा-मुठेचे पाणी एवढे घाण असल्याचे आपण ऐकतो, तरीही तिथे पक्षी येतात, याचा अर्थ पाणी वाटते तितके वाईट नाही असा घ्यावा का?

प्रतिसाद: पाषाणची जीवशास्त्रशिक्षिका

हडपसरवासी, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. नवशिक्यांनी आधी कवडीपाटलाच जावे. बंधाऱ्यावरून उथळ पाण्यातले पक्षी इतक्या जवळून दिसतात की ओळखीचा सराव तिथे उत्तम होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ठामपणे नाही असे आहे. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद यांचा अतोनात पुरवठा होतो, त्यावर शेवाळ माजते, तळाच्या गाळात विशिष्ट माश्यांच्या तांबड्या अळ्या प्रचंड संख्येने वाढतात. या अळ्यांना प्राणवायू फार कमी लागतो, म्हणून ज्या पाण्यात मासे तग धरत नाहीत तिथेही त्या सुखाने राहतात. शेकाट्या, थापट्या, तुतवार यांना हे आयते ताट मिळते. त्यामुळे पक्ष्यांची संख्या पाहून पाण्याची प्रत ठरवता येत नाही, कोणते पक्षी आहेत आणि कोणते नाहीसे झाले हे पाहावे लागते. स्वच्छ, नितळ पाण्यात सूर मारून मासे धरणारे पक्षी अशा ठिकाणी कमी होतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाय अडकलेला बगळा मी कवडीला पाहिला आहे. पिशवीची एक बोटभर रुंद पट्टी पायाला करकचून बसली होती आणि तो एका पायावर उभा राहून दुसरा झटकत होता.

हेच पाणी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि अखेर उजनीत जाते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी शेवटी भिगवणच्या पक्ष्यांसमोर आणि पळसदेवकरांच्या जाळ्यासमोरच येऊन पडते. जलपर्णीचे गालिचे दिसतात तेही याच खतावर पोसलेले असतात. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला की खालचा उजेड आणि प्राणवायू दोन्ही तुटतात, बदकांना उतरायला पाणी उरत नाही, फक्त कमळपक्षी आणि पाणकोंबड्या तिच्यावरून चालत राहतात. पाषाण तलावाने हे सगळे पाहिले आहे.

प्रतिसाद: कोथरूडची आजी

नातवाचा प्रश्न पुढे करते. त्याने कुठेतरी पाहिले की काही रोहित गुलाबी नसून मळकट राखाडी असतात. ते आजारी असतात का?

प्रतिसाद: पाषाणची जीवशास्त्रशिक्षिका

आजी, ती पिल्ले असतात, म्हणजे आकाराने जवळपास पूर्ण वाढलेली पण वयाने लहान. रोहिताचा गुलाबी रंग अन्नातल्या रंगद्रव्यांतून हळूहळू पिसांत उतरतो आणि पूर्ण रंग यायला काही वर्षे लागतात. राखाडी पक्षी थव्यात बरेच दिसले तर जवळच्या हंगामात प्रजनन चांगले झाले असे समजायला हरकत नाही. आपल्याकडचे रोहित बव्हंशी कच्छच्या रणात घरटी करतात. तिथे पाणी किती आणि किती दिवस टिकले यावर त्यांची वीण अवलंबून असते. त्यामुळे "सैबेरियातून आलेले रोहित" असे कोणी सांगितले तर नातवाने नम्रपणे दुरुस्ती करावी.

प्रतिसाद: बाणेरचा_नवखा

मग खरोखर दूरवरून येणारे कोण? आणि ते हिमालय ओलांडतात ही गोष्ट खरी की नुसतीच सांगोवांगीची?

प्रतिसाद: मुठाकाठ

ती पूर्णपणे खरी आहे, आणि भिगवणला तिचा नायक समोर बसलेला असतो. पट्टकादंब हा राखी रंगाचा हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे आडवे पट्टे. तो मंगोलिया, चीन, तिबेटचे पठार आणि आपल्याकडे लडाखमधली उंचावरची सरोवरे इथे वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतो. उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासांत त्याची ७,००० मीटरहून अधिक उंचीवरची उड्डाणे नोंदली गेली आहेत. त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू पकडून ठेवते. तरीही तो विनाकारण उंच जात नाही. शक्यतो खिंडी आणि दऱ्यांच्या चढाने, आणि पुष्कळदा रात्री किंवा पहाटे उडतो, कारण गार हवा दाट असते आणि पंखांना आधार मिळतो.

दिवसा ते पाण्याकाठी किंवा बेटावर विसावतात आणि उजेड कमी झाला की हरभऱ्या-गव्हाच्या शेतांत चरायला जातात. शेतकऱ्यांना हे फारसे रुचत नाही, हेही लिहायला हवे. एखाद्याच्या गळ्यात रंगीत प्लॅस्टिकची पट्टी दिसली तर पट्टीचा रंग, अक्षरे आणि अंक, दिनांक आणि ठिकाण टिपून छायाचित्रासह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. मंगोलियात पट्टी बांधलेले पट्टकादंब थेट दक्षिण भारतात सापडले आहेत आणि अशा नोंदींतूनच त्यांचा मार्ग कळत गेला. चक्रवाक आणि तपकिरी डोक्याचा कुरव हेही लडाख-तिबेटच्या सरोवरांवरून येतात. कुरवांना शेव-गाठ्या टाकू नयेत. ते खातात, म्हणून ते त्यांचे अन्न ठरत नाही.

प्रतिसाद: पळसदेवकर

शेतांविषयी लिहिलेत ते बरे झाले. पट्टकादंबांना पाहायला काही मंडळी उभ्या हरभऱ्यातून चालत जातात. बांधावरून जावे, आणि रानात कोणी असेल तर विचारून जावे. कोणी अडवणार नाही.

प्रतिसाद: बाणेरचा_नवखा

सर्वांचे आभार. येत्या दोन आठवड्यांत आम्ही चौघे जाण्याचा विचार करतो आहोत. धरण अजून नव्वद टक्क्यांच्या वर आहे असे बातमीत वाचले. जावे की थांबावे?

प्रतिसाद: मुठाकाठ

नव्वदच्या वर असेल तर रोहितांसाठी थांबा. तोवर एका सकाळी कवडीपाटला जाऊन थापट्या आणि भुवई बदकाची मादी वेगळी ओळखण्याचा सराव करून ठेवा, तो पुढे उपयोगी पडेल. निघायचेच असेल तर बदकांसाठी जा, आणि परतताना सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याकडे गाडी वळवा. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे गवताळ माळरान आहे, तिथे चिंकारा दिसतात, आणि हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्ये गवतावरून अगदी खालून उडत असतात. त्यांना धरणाच्या टक्केवारीशी काही देणे-घेणे नसते. पातळी उतरू लागली की पळसदेवकर इथेच लिहितील, अशी त्यांना विनंती.

प्रतिसाद: पळसदेवकर

लिहीन. डिकसळच्या बाजूचा पहिला चिखल उघडा पडला की दुसऱ्याच दिवशी शेकाटे येतात, मग पाणटिवळे, आणि रोहित त्यांच्यामागून. शेकाटे दिसले की कळवतो. शक्यतो रविवार सोडून या.